लिस्बन: चढायला लिफ्ट, उतरायला पाय

लिस्बनमध्ये नकाशावरचं अंतर फसवं असतं. रोसिउ चौकातून सांव जॉर्जचा किल्ला दिसतो, अगदी डोक्यावरच. नकाशा म्हणतो, अर्धा-पाऊण किलोमीटर. पण मध्ये जवळजवळ शंभर मीटरची उभी चढण आहे, गुळगुळीत दगडी फरशीची आणि बरीचशी पायऱ्यांची. दुपारी बारा वाजता पाण्याची बाटली हातात घेऊन ही चढण चढणारे पर्यटक किल्ल्याच्या दारात पोचतात तेव्हा किल्ला बघण्याची ताकद संपलेली असते. त्यामुळे इथली स्थळं यादीप्रमाणे बघू नयेत, उंचीप्रमाणे बघावीत. सकाळी बस, ट्राम किंवा लिफ्टने टेकडीच्या माथ्यावर जायचं आणि दिवसभर उताराने नदीकडे यायचं. टॅगस नदीला तिकडे तेजो म्हणतात. ती नेहमी दक्षिणेला असते. वाट चुकली तर उतार धरावा, नदीवर पोचताच.

शहर समजून घेण्याची दुसरी किल्ली म्हणजे १ नोव्हेंबर १७५५ ही तारीख. त्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला, चर्चं माणसांनी भरलेली असताना मोठा भूकंप झाला. मागून समुद्राची लाट आली आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा, ग्रंथालय आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार बघणारी ‘काझा द इंदिया’ ही कचेरी नष्ट झाली. आजही कुठल्याही भागात उभं राहिल्यावर एकच प्रश्न विचारावा: हे भूकंपाआधीचं की नंतरचं? गल्ल्या वाकड्या असतील तर आधीचं, रस्ते पट्टीने आखलेले असतील तर नंतरचं. एवढ्यावरून अर्धं शहर समजतं.

वार, मुक्काम, बूट आणि कार्ड

तीन पूर्ण दिवस हवेत. दोन दिवसांत उरकता येतं, पण मग बेलें (पश्चिमेचा नदीकाठ) किंवा आल्फामा (किल्ल्याखालचा जुना भाग) यांपैकी एकाची घाई होते, आणि बघण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

दिवस ठरवताना वार बघा. जेरोनिमुश मठ आणि बहुतेक राष्ट्रीय संग्रहालयं सोमवारी बंद असतात. किल्ला सोमवारी उघडा असतो. कार्मु मठाचे अवशेष रविवारी बंद. ‘फैरा द लाद्रा’ हा जुना बाजार फक्त मंगळवारी आणि शनिवारी भरतो. तेव्हा किल्ला-आल्फामाचा दिवस मंगळवारी किंवा शनिवारी टाकावा, बेलें बुधवार-गुरुवारी. सोमवार वाट्याला आलाच तर तो शियादु (बायशाच्या वरची टेकडी) आणि मोरारियाला (किल्ल्यामागचा उतार) द्यावा. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला जवळजवळ सगळं बंद असतं. १३ जून ही संत आंतोनीची शहराची सुट्टी. आदल्या रात्री आल्फामात सार्डिन भाजण्याचा धूर आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी असते. ती बघायची असेल तर मुद्दाम जावं, नसेल तर ती तारीख टाळावी आणि हॉटेलांचे दरही वाचवावेत.

मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. हिवाळ्यात थंडी फार नसते, पाऊस असतो, आणि इथे पाऊस म्हणजे घसरणं. पदपथ चुनखडीच्या लहान पांढऱ्या-काळ्या ठोकळ्यांनी जडवलेले आहेत. शतकभराच्या पावलांनी ते चकाकतात आणि ओले झाले की साबण लावल्यासारखे होतात. जाड रबरी तळव्याचे बूट घ्या. चपला, गुळगुळीत सोल आणि टाचा तीनही निकामी.

मुक्कामासाठी आल्फामाचे फोटो मोहात पाडतात. पण तिथे टॅक्सी दारापर्यंत जात नाही, बॅगेची चाकं ठोकळ्यांत अडकतात आणि घरं तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय असतात. सोबत आई-वडील असतील तर बायशा (टेकड्यांमधला आखीव भाग) किंवा आव्हेनिदा द लिबरदादच्या सखल भागात राहावं. खिशाला हलकं हवं तर मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचे आंजुश आणि इंतेंदेंत हे भाग बघावेत. खोलीच्या भाड्यावर शहराचा कर वेगळा द्यावा लागतो: तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रात्री ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री.

विमानतळावर मेट्रोचा लाल मार्ग थेट येतो. आलामेदाला उतरून हिरव्या मार्गाने रोसिउ किंवा बायशा-शियादुला जायचं. सगळं मिळून अर्धा तास. मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एकपर्यंत.

तिकिटांचं गाडं इथे अडतं, म्हणून नीट वाचा. स्टेशनवरच्या यंत्रातून ‘नावेगांत’ कार्ड घ्यायचं, अर्धा युरो. माणशी एक कार्ड लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यावर दोनपैकी एक भरता येतं: ‘झॅपिंग’ म्हणजे सुटे पैसे, ज्यातून प्रत्येक प्रवासाला कापले जातात, किंवा चोवीस तासांचा पास, सुमारे सात युरोंचा. बहुतेक जण इथे चुकतात, कारण एका कार्डावर दोन्ही एकत्र राहत नाहीत. झॅपिंगचे पैसे शिल्लक असताना त्याच कार्डावर पास भरायला गेलं की यंत्र नकार देतं आणि मागे रांग खोळंबते. दुसरं कार्ड घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दिवसात पाच-सहा वेळा चढ-उतार होणार असेल तर पास घ्या, नाहीतर झॅपिंग. झॅपिंगने लोकल ट्रेन आणि फेरीबोटही चालते. ट्रामच्या चालकाकडून रोख तिकीट घेतलं तर जवळपास दुप्पट पैसे जातात. कार्ड प्रत्येक वाहनात चढताना लावायचं आणि मेट्रोतून बाहेर पडतानाही, म्हणून ते बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

‘लिस्बोआ कार्ड’ हे पर्यटकांचं वेगळं कार्ड. त्यात वाहतूक आणि बरीच स्मारकं येतात. बेलेंमध्ये पूर्ण दिवस आणि सिंत्राची ट्रेन असा बेत असेल तर पैसे वसूल होतात. गल्ल्यांत फिरणाऱ्याचे होत नाहीत. शिवाय कार्ड असलं तरी रांग चुकत नाही.

पहिला दिवस: किल्ल्यापासून नदीपर्यंत

किल्ला सकाळी नऊला उघडतो. तोवर वर पोचायच्या तीन वाटा आहेत.

सगळ्यात सोपी म्हणजे प्रासा द फिगैरा चौकातून सुटणारी ७३७ क्रमांकाची लहान बस. ती किल्ल्याच्या दाराशी नेते.

दुसरी वाट फुकट लिफ्टांची, आणि ती कित्येकांना ठाऊक नसते. बायशातल्या रुआ दुश फांकैरुश रस्त्यावर एका साध्या इमारतीच्या दारात लिफ्ट आहे. ती रुआ द मादालेनावर नेऊन सोडते. रस्ता ओलांडून चार पावलं पुढे गेलं की पिंगु दोस सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट मिळते. ती कोश्ता दु काश्तेलुपर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या तटाखालच्या रस्त्यावर पोचवते. तिथून दहा मिनिटांची सौम्य चढण.

तिसरी वाट मार्तिं मोनिझ चौकातल्या सरकत्या जिन्यांची. मोरारियात राहत असाल तर तीच बरी.

किल्ला ११४७ साली आफोन्सु एन्रिकेश या पहिल्या पोर्तुगीज राजाने मूर, म्हणजे मुस्लिम, राज्यकर्त्यांकडून घेतला. आजचे सरळ, नीटनेटके बुरुज मात्र बरेचसे १९४० च्या आसपासच्या डागडुजीतले आहेत, त्यामुळे ‘अस्सल मध्ययुगीन’ म्हणून त्यांच्यावर फार भाळू नये. इथे पैसे मोजायचे ते तटावर फिरून शहराची रचना बघण्यासाठी. पश्चिमेला खाली आखीव बायशा, तिच्यापलीकडे कार्मुच्या छप्पर नसलेल्या कमानी, डावीकडे नदी आणि लाल पूल. दीड तास पुष्कळ झाला. तिकीट पंधरा युरोंच्या वर आहे. ते खर्चायचं नसेल तर ग्रासा किंवा सेन्योरा दु मोंतच्या सज्जावरून जवळजवळ तेच दृश्य फुकट मिळतं, आणि वर किल्लाही फोटोत येतो.

किल्ल्यातून बाहेर पडून उताराने सांता लुझियाच्या सज्जावर या. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइलचे दोन पट आहेत: एकात किल्ल्याची लढाई, दुसऱ्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक. लोक नदीकडे तोंड करून फोटो काढतात आणि पाठीमागच्या या भिंतीकडे बघतही नाहीत. त्यातला राजवाडा लक्षात ठेवा, संध्याकाळी त्याच जागी उभं राहायचं आहे. पुढे लगेच पोर्ताश दु सोलचा सज्जा.

इथून दोन वाटा फुटतात. मंगळवार-शनिवार असेल तर आधी ट्रामचे रूळ धरून सांव व्हिसेंत द फोराच्या चर्चकडे जावं. चर्चच्या बाजूच्या कमानीतून पलीकडे गेलं की काम्पु द सांता क्लारावर बाजार पसरलेला असतो: जुन्या टाइल, पितळी कड्या, तबकड्या, कॅमेरे, फाटकी पुस्तकं आणि शुद्ध भंगार. दहाच्या सुमाराला जावं. दुपारनंतर विक्रेते आवरायला लागतात. सुट्या टाइल घेताना जरा विचार करावा. जुन्या घरांच्या भिंतींवरून चोरलेल्या टाइल बाजारात येतात आणि शहराने त्याविरुद्ध मोहीम चालवली आहे. नवी, कारखान्यातली टाइल घेतलेली बरी.

बाजाराच्या उताराला पांढरा घुमट दिसतो तो राष्ट्रीय पँथिऑन (थोरांच्या थडग्यांचं स्मारक), म्हणजे सांता एंग्रासियाचं चर्च. सतराव्या शतकात काम सुरू झालं आणि घुमट १९६६ मध्ये पुरा झाला. त्यामुळे पोर्तुगालमध्ये रखडलेल्या कामाला आजही ‘सांता एंग्रासियाचं काम’ म्हणतात. आपल्याकडच्या उड्डाणपुलांना हे नाव चपखल बसावं. आत फादु (लिस्बनचं करुण गाणं) गायिका आमालिया रोद्रिगेश आणि फुटबॉलपटू एउझेबियु यांची थडगी आहेत. वास्को द गामा आणि आफोन्सु द आल्बुकेर्क यांची इथली स्मारकं मात्र रिकामी आहेत. वास्कोच्या अस्थी बेलेंमध्ये आहेत.

पँथिऑनजवळून रुआ दु पाराइझु आणि रुआ दुश रेमेदियुश धरून खाली उतरलं की आल्फामाच्या पोटात शिरता. बाजाराचा वार नसेल तर पोर्ताश दु सोलच्या कोपऱ्यावरच्या पायऱ्यांनी थेट उतरा. आल्फामात नकाशा बंद ठेवावा. उंच भिंतींमुळे फोनचा निळा ठिपका भलतीकडेच उड्या मारतो. सांव मिगेलच्या चर्चपर्यंत आणि तिथून लार्गु दु शाफारिश द देंत्रु या चौकापर्यंत पोचणं एवढंच लक्ष्य ठेवावं. हा भाग कठीण खडकावर आहे आणि भूकंपात बऱ्यापैकी टिकला, म्हणून इथल्या गल्ल्यांचं जाळं मूरांच्या काळाला जवळचं आहे. लोक अजून इथे राहतात. खिडकीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढा, पण खिडकीतून आत डोकावू नका.

चौकातच फादुचं संग्रहालय आहे. रात्री फादु ऐकायचा असेल तर जागा आधी राखून ठेवावी, आणि किमान किती खर्च करावा लागेल ते दारातच विचारावं. बऱ्याच घरांत गाण्याचं वेगळं तिकीट नसतं, जेवणातून वसूल करतात. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि बोलणं थांबतं. वाढपीही जागेवर उभे राहतात. त्या वेळी पाणी मागणं उद्धटपणा समजला जातो.

चौकातून नदीला समांतर पश्चिमेकडे चालत निघा. ‘काझा दुश बिकुश’ चुकवू नका. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारख्या टोकदार दगडांच्या रांगा असलेलं हे घर १५२३ च्या सुमाराला ब्राश द आल्बुकेर्कने बांधलं. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कचा हा मुलगा. भूकंपात वरचे दोन मजले कोसळले. ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. मागे वळून थोडं वर गेलं की सेचं, म्हणजे मुख्य चर्चचं, दोन बुरुजी तोंड आणि त्याला लागून संत आंतोनीच्या जन्मस्थानी बांधलेलं चर्च. गोव्यात आणि वसईत ज्याची इतकी भक्ती आहे तो सांत आंतोन मूळचा या गल्लीतला; त्याच्या नावाला जोडलेलं पादुआ हे इटलीतलं गाव नंतरचं.

बायशा: सरळ रेषांचं शहर

पुढचं सगळं सपाट आहे. पाय थकलेले असताना हेच हवं. प्रासा दु कोमेर्सिउ हा नदीला उघडा असलेला भव्य चौक. राजवाडा याच जागी होता आणि जुने लिस्बनकर अजून त्याला ‘तेरैरु दु पासु’, राजवाड्याचं पटांगण, म्हणतात. मध्ये घोड्यावर राजा जुझे पहिला. पुनर्बांधणी प्रत्यक्षात केली ती त्याच्या मंत्र्याने, मार्किश द पोंबालने.

पोंबालच्या अभियंत्यांनी घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा सांगाडा बसवला, म्हणजे जमीन हलली तरी दगडी भिंत सुटून पडणार नाही. त्याला ‘गायोला’, पिंजरा, म्हणतात. बाहेरून तो दिसत नाही. बघायचा मार्ग म्हणजे रुआ दुश कोरैरुशवरच्या एका बँकेच्या तळघरातलं उत्खनन: रोमन काळातली मासे खारवण्याची दगडी टाकी आणि पोंबालच्या काळात दलदलीत ठोकलेले लाकडी खांब एकाच ठिकाणी. फेरी मार्गदर्शकासोबत आणि विनामूल्य असते, पण वेळ आधी घ्यावी लागते. लिस्बनमधल्या फुकट गोष्टींत ही सगळ्यात उत्तम, आणि तिथे गर्दीही नसते.

इथल्या रस्त्यांची नावं धंद्यांवरून आहेत: सोनार, चांदीवाले, चांभार, खोगीरवाले. रुआ आउगुश्तावर धीम्या आवाजात गांजा-चरस विकणारे भेटतील. नुसतं ‘नको’ म्हणून चालत राहावं. बहुतेकांकडे तमालपत्राचा चुरा असतो.

रोसिउ चौकाच्या उत्तर टोकाला राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन १५३६ मध्ये आलं, गोव्यात १५६० मध्ये. शेजारच्या सांव दोमिंगुश चर्चमध्ये जरूर जावं. १९५९ च्या आगीत होरपळलेले खांब तसेच ठेवले आहेत, तडकलेले आणि काळवंडलेले. बाहेर १५०६ च्या हत्याकांडात मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे.

दुसरा दिवस: बेलें

मध्यवर्ती भागापासून सहा-सात किलोमीटर पश्चिमेला. सगळी मार्गदर्शकं १५ क्रमांकाची ट्राम सांगतात, म्हणून ती ठासून भरलेली असते. काइश दु सोद्रेहून काश्काइशकडे जाणारी लोकल धरा, सात-आठ मिनिटांत बेलें. मात्र जलद गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा फलकावर बेलेंचं नाव बघूनच चढा.

साडेनऊला जेरोनिमुश मठ उघडतो. ऑनलाइन, वेळ ठरवून तिकीट काढलेलं असावं आणि सव्वानऊला दारात असावं. इथे दोन रांगा असतात हे ध्यानात ठेवा: एक तिकिटाची, मठाच्या चौकासाठी, दुसरी फुकट, चर्चसाठी. चुकीच्या रांगेत अर्धा तास उभं राहणं ही इथली नित्याची गोष्ट आहे. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे चर्चमध्ये फिरता येत नाही.

मठाचं काम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने सुरू केलं. पैसा कुठून आला? मुख्यतः मसाल्यांवरच्या पाच टक्के करातून. मिरी, लवंग, दालचिनी यांचा मोबदला इथे दगडात उतरला, म्हणून कोरीव कामात दोरखंड, नांगर, प्रवाळ आणि परदेशी झाडंपानं सगळीकडे दिसतात. दक्षिणेचं प्रवेशद्वार जवळून बघावं, मग दोन पावलं मागे येऊन पुन्हा. मठाच्या चौकात आधी वरच्या मजल्यावर जा. गर्दी खालून सुरू होते आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं वरचा मजला जवळजवळ रिकामा मिळतो. कमानींवरचं कोणतंही दोन नक्षीकाम सारखं नाही.

चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामा, उजवीकडे कवी कामोंइश. वास्को १५२४ मध्ये कोचीला वारला आणि आधी तिथेच पुरला गेला. पुढे अस्थी पोर्तुगालला आणल्या आणि १८८० मध्ये इथे ठेवल्या. कामोंइशने सोळाव्या शतकात काही वर्षं गोव्यात काढली होती.

मठानंतर नदीकडे, रस्त्याखालच्या भुयारी वाटेने. समोरचं ‘शोधांचं स्मारक’ जहाजाच्या नाळेसारखं आहे. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं आणि १९६० मध्ये दगड-काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलं. म्हणजे आफ्रिकेत आणि गोव्यात आपली वसाहत टिकेल असं हुकूमशहा सालाझारची राजवट छातीठोकपणे सांगत होती तेव्हाचं हे बांधकाम. पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला. मूर्तींच्या पूर्वेकडच्या रांगेत वास्को, आल्बुकेर्क आणि फ्रान्सिस झेवियर शोधा. वर लिफ्टने जाता येतं, आणि खालच्या फरशीवरचा पन्नास मीटर व्यासाचा होकायंत्राचा नकाशा वरूनच नीट दिसतो.

तिथून काठाकाठाने पंधरा मिनिटांवर बेलेंचा बुरूज. २०२५ मध्ये तो डागडुजीसाठी बंद केला होता, तेव्हा आत जायचं असेल तर उघडा आहे का ते आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर बघा. खरं तर आतल्या अरुंद जिन्यापेक्षा बाहेरूनच तो जास्त चांगला दिसतो. वायव्य कोपऱ्यातल्या लहान बुरुजाच्या तळाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने आल्बुकेर्कला गेंडा भेट दिला. तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि मेमध्ये लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा. राजाने हत्तीशी त्याची झुंज लावली तर हत्तीच पळाला. पोपला नजराणा म्हणून पुढे पाठवला तेव्हा जहाज बुडालं.

परत येताना पाश्तैश द बेलें, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत अंड्याचं गोड सारण. १८३७ पासूनचं दुकान, निळ्या छताचं. बाहेरची लांब रांग फक्त घरी नेणाऱ्यांची असते. आत बसायच्या खोल्यांना वेगळी वाट आहे आणि त्या शेकडो माणसं सामावतात. सरळ आत जा. गरम असतानाच, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून खावं. थंड झाल्यावर पापुद्रा चिवट होतो, म्हणून हॉटेलवर नेण्यात अर्थ नाही. त्यात अंड्याचा बलक भरपूर असतो. ख्रिस्ती मठांमधल्या याच बलकाच्या गोडाची परंपरा गोव्याच्या बेबिंकमध्ये उतरली आहे.

जोर उरला असेल तर परतीची लोकल आल्कांतारा-मार स्टेशनला सोडून ओरिएंत संग्रहालय बघा. ते सुक्या कॉड माशांच्या जुन्या गोदामात आहे. ज्या प्रतिष्ठानचं हे संग्रहालय, त्याचं कार्यालय पणजीतही आहे.

तिसरा दिवस: शियादु आणि वरची टेकडी

सांता जुश्ता ही १९०२ ची लोखंडी उभी लिफ्ट. खालच्या रांगेत तासभर उभं राहू नका. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनात रुआ दु क्रुसिफिशुच्या दाराने शिरून सरकत्या जिन्यांनी वर शियादुच्या चौकात बाहेर पडता येतं, तिकीट लागत नाही. तिथून कार्मु पाच मिनिटांवर.

कार्मुच्या चर्चचं छप्पर १७५५ मध्ये कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. समोरच्या चौकातल्या सैनिकी ठाण्यात २५ एप्रिल १९७४ रोजी पंतप्रधान मार्सेलु काएतानु शरण आले आणि हुकूमशाही संपली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी झालेल्या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे असल्याचं मान्य केलं. तेरा वर्षं उशिरा.

पुढे रुआ गारेतवर १७३२ पासूनचं बेर्त्रांद पुस्तकांचं दुकान आणि आ ब्राझिलैरा कॅफे. कॉफी बाहेरच्या खुर्चीवर महाग, आत उभ्याने स्वस्त. सांव रोक हे बाहेरून अगदी साधं जेझुइट चर्च चुकवू नये: आतलं एक प्रार्थनास्थान अठराव्या शतकात रोममध्ये तयार करून, सुटं करून, जहाजाने इथे आणून जोडलं. सामग्रीगृहात फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमाला आहे.

शेजारच्या सांव पेद्रु द आल्कांतारा सज्जावरून ग्लोरिया ही जुनी केबल-ट्राम खाली जायची. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा अपघात होऊन १६ जण दगावले आणि ती बंद झाली. शहरातल्या अशा इतर गाड्या आणि लिफ्टही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. बाइरु आल्तु दिवसा झोपलेला असतो. रात्री दहानंतर जाग येते. झोप प्रिय असेल तर तिथे खोली घेऊ नका.

मोरारिया, आणि मराठी माणसाचं जेवण

किल्ल्याच्या मागच्या उतारावरचा हा भाग. ११४७ नंतर मूरांना इथे राहायला भाग पाडलं, आणि बाहेरून आलेल्यांचा मोहल्ला हे रूप आजही टिकून आहे. मार्तिं मोनिझ चौकाभोवती आणि रुआ दु बेन्फोर्मोझुवर नेपाळी, बांगलादेशी, भारतीय दुकानं आहेत. पीठ, डाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. पलीकडचा इंतेंदेंत चौक पूर्वी बदनाम होता. गोव्याचं मूळ असलेले आंतोनियु कोश्ता महापौर असताना त्यांनी आपली कचेरी तिथे हलवली आणि भाग पालटायला लागला; पुढे ते पंतप्रधान झाले.

लिस्बनमधल्या गोवेकर खानावळींत शाकुती, सारापातेल, बेबिंक मिळतं. शामुसा तर कुठल्याही साध्या खानावळीच्या काचेत असतो, पण आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या. शाकाहाऱ्यांनी ‘सें कार्न, सें पैश’, म्हणजे मांस नको, मासे नको, असं दोन्ही सांगावं; नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर कॉड मासा येतो. काल्दु व्हेर्द या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती तरंगत असते. लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिराच्या भोजनशाळेत गुजराती पद्धतीचं साधं शाकाहारी ताट मिळतं. तो समाज बराचसा मोझांबिकमार्गे आलेला.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता लगेच परत न्यायला सांगा. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

ट्राम २८ बद्दल

पिवळी, लाकडी बाकांची ही ट्राम मार्तिं मोनिझहून ग्रासा, आल्फामा, बायशा, एश्त्रेला करत कांपु द ओरीकपर्यंत जाते. मार्तिं मोनिझला सकाळी दहानंतर रांग तासाची होते आणि मग उभ्यानेच प्रवास होतो. उलट करा: सकाळी आठच्या आत चढा, किंवा कांपु द ओरीकच्या टोकाहून बसा. एवढं करूनही जमलं नाही तर १२ क्रमांकाची ट्राम तशाच डब्यांनी किल्ल्याच्या टेकडीला छोटी फेरी मारते. खिसेकापू २८ वर आणि १५ वर काम करतात, चढताना-उतरताना होणाऱ्या रेटारेटीत. पाकीट पुढच्या खिशात, बॅग पोटावर, पासपोर्ट हॉटेलात.

पलीकडचा काठ आणि सिंत्रा

संध्याकाळी काइश दु सोद्रेहून काकिल्याशची फेरीबोट घ्या. दहा मिनिटांचा प्रवास, झॅपिंगवर दीड-दोन युरो, आणि पाण्यावरून अख्खं शहर दिसतं. पर्यटक-बोटीचे वीस-तीस युरो वाचतात.

सिंत्राला रोसिउ स्टेशनावरून चाळीस मिनिटं. त्यासाठी वेगळा चौथा दिवस ठेवा, बेलेंला जोडू नका. पेना राजवाड्याचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून राजवाड्यापर्यंत चढण आहे, आणि स्टेशनवरून फाटकापर्यंतच्या बसला रांग. दहाचं तिकीट असेल तर लिस्बनहून आठच्या आधीची गाडी धरा. उशीर झाला तर आत सोडत नाहीत.